गोठ्यातली चेतक पुन्हा रस्त्यावर: हँडलवरच्या गिअरची स्कूटर दुरुस्त करणं, ट्यून करणं आणि घाटात चालवणं

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडे आमच्या मामांचं गाव आहे. त्यांच्या गोठ्यात भाताच्या पिंजराआड एक चेतक सात वर्षं उभी होती. सीट उंदरांनी पोखरलेली, किक दगडासारखी घट्ट. गावातल्या मिस्त्रींनी बघूनच सांगितलं होतं, "इंजिन उतरवायला लागतंय, पूर्ण काम निघणार." मामा म्हणाले, "ने की तू. इथं राहिली तर भंगारवालाच नेणार."

ती आज बेळगावात रोज चालते आणि तिचं इंजिन मी आधी उतरवलं नाही. जुनी स्कूटर दुरुस्त करताना इंजिन सगळ्यात शेवटी उघडायचं, हेच मला या लेखात सांगायचं आहे. आधी ठिणगी, मग पेट्रोल, मग हवा, मग गिअर-क्लचच्या वायरी (केबल). एवढं क्रमाने तपासलं की बहुतेक गाड्या सुरू होतात. उलट्या बाजूने गेलं तर चांगली बसलेली गॅस्केटं आणि बेअरिंगं विनाकारण हलतात आणि खर्च दहापट होतो.

गाडी कोणती ते आधी ओळखा

आपल्या भागात मिळणाऱ्या जुन्या स्कूटरची घराणी दोन. पहिलं व्हेस्पाचं. बजाजने १९६० पासून पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली, १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. साताऱ्यात बनलेली प्रिया आणि कानपूरची एलएमएल याच घराण्यातल्या. यांचं इंजिन उजव्या डिकीखाली, थेट मागच्या चाकाला जोडलेलं असतं. मध्ये चेन नाही. दुसरं घराणं लॅम्ब्रेटाचं, म्हणजे लखनौची विजय सुपर वगैरे. त्यांचं इंजिन मधोमध असतं आणि ताकद केसिंगच्या आतल्या चेनने चाकाकडे जाते. पुढचं सगळं दोन स्ट्रोकच्या चेतकला धरून लिहितो. प्रिया आणि एलएमएलला त्यातलं बरंचसं लागू पडतं, लॅम्ब्रेटाला फक्त ठिणगी-पेट्रोलचा भाग. २००२ नंतरची फोर स्ट्रोक चेतक वेगळी आहे, तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालू नका.

घेण्याआधी फूटबोर्डवरची रबरं उचलून बघाच. या गाड्यांना वेगळी चेसिस नसते, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. खानापूर, कणकुंबीकडच्या गाड्यांचा पत्रा रबराखालून कुजतो आणि वरून रंग चकचकीत दिसतो. पेचकसच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज आला तर पत्रा आहे, भद्द आवाज आला तर पुट्टी.

कागदांचं सांगतो, कारण सीमेवर इथेच जास्त लोक अडकतात. कोल्हापूरची एमएच-०९ किंवा सावंतवाडीकडची एमएच-०७ गाडी स्वस्त मिळते म्हणून लोक आणतात आणि तशीच चालवतात. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८) आणून नवा नंबर घ्यावा लागतो (फॉर्म २७), नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. बेळगावला केए-२२, चिकोडी-निपाणीकडे केए-२३. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी नूतनीकरण लागतं, त्याचा फॉर्म २५. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण मग ती रोज रस्त्यावर वापरता येत नाही. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये. पैसे देण्याआधी चेसिस नंबर स्वतः घासून वाचा आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा.

अडकलेली किक

किक बसत नसेल तर तिच्यावर उभं राहू नका. किकचे दाते तुटले तर इंजिन खरंच उघडावं लागेल. प्लग काढा, भोकातून दोन-तीन चमचे डिझेल आणि तेवढंच इंजिन ऑइल सोडा आणि एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पंख्याचं झाकण काढून मॅग्नेट (पंखा असलेलं जड चाक) दोन्ही हातांनी धरा आणि थोडं पुढे, थोडं मागे असं हलवा. मामांची गाडी तिसऱ्या दिवशी सकाळी सुटली. आधी केसभर हलली, मग बोटभर, मग पूर्ण फिरली. सिलिंडरमध्ये गंजाचा पातळ थर होता, बाकी काही नव्हतं. सुटल्यावर प्लगच्या भोकावर फडकं धरून किक मारा, आतलं तेल बाहेर येऊ द्या.

ठिणगी

नवा प्लग घ्या. जुना घासून वापरण्यात अर्थ नाही. गॅप ०.६ मिलिमीटर. टोपी लावून प्लगचा लोखंडी भाग हेडला टेकवा आणि किक मारा. हे करताना पेट्रोलचा डबा जवळ नको, कार्बोरेटर उघडा नको. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, लांबट, आळशी ठिणगी आली तर पॉइंट (ठिणगीसाठी वीज तोडणारे-जोडणारे संपर्क) आणि त्यांना जळण्यापासून वाचवणाऱ्या कंडेन्सरकडे वळा.

मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंट दिसतात. बारीक पॉलिश पेपरने घासून कोरड्या कागदाने पुसा. मॅग्नेट फिरवून पॉइंट जास्तीत जास्त उघडतील तिथे थांबा आणि फिलर गेजने ०.४ मिलिमीटर ठेवा. घासल्यावर थोड्याच दिवसांत पॉइंट पुन्हा जळून खड्डे पडत असतील तर कंडेन्सर गेला आहे, तो बदला.

टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, बघायची जुनी पद्धत मला आजही सगळ्यात भरवशाची वाटते. पॉइंटमध्ये पातळ कागदाची पट्टी धरा, हलकी ओढत ठेवा आणि मॅग्नेट सावकाश फिरवा. पट्टी ज्या क्षणी सुटते तो पॉइंट उघडण्याचा क्षण. त्या वेळी मॅग्नेटवरची खूण केसिंगवरच्या खुणेसमोर यायला हवी. नसेल तर मॅग्नेट काढून आतली प्लेट सरकवावी लागते आणि त्यासाठी पुलरच (ओढून काढायचं हत्यार) लागतो. हातोडीने ठोकून काढलेलं मॅग्नेट पुन्हा कधी सरळ फिरत नाही.

नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या (पेट्रोलवरच्याच) चेतकला पॉइंट नाहीत. तिथे सीडीआयकडे (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीकडे) जाणाऱ्या विजेच्या वायरींचं रबर सुकून चिरलेलं असतं, आधी तेच बघा.

पेट्रोल

टाकीत जुनं पेट्रोल असेल तर सगळं काढून टाका. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. चिकोडी, अथणी, रायबागच्या उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना इथेनॉल काय असतं ते सांगायला नको, पण या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. ते पाणी ओढून घेतं, जुना रबरी पाइप आणि सील फुगवतं, आणि त्यात ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण मुळातच थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पाइप नवा, आजच्या पेट्रोलला टिकणारा घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

ऑइलचं प्रमाण दोन टक्के, म्हणजे एक लिटरला २० मिली चांगलं टू-टी (दोन स्ट्रोक इंजिनचं ऑइल). आधी ऑइल, मग पेट्रोल, म्हणजे टाकीत नीट मिसळतं. नवीन पिस्टन-रिंग घातल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरला थोडं जास्त घाला आणि ताशी ४० च्या वर नेऊ नका.

मग कार्बोरेटर. उजवी डिकी काढा, फिल्टरच्या डबीचं झाकण उघडा, फिल्टर उचला. आत दोन जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तोट्या) दिसतात. मोठा मनोरा म्हणजे मेन जेट, शेजारचा छोटा तो स्लो जेट. नीट बसणाऱ्या पेचकसनेच काढा, पितळ मऊ असतं. जेटमध्ये तार घालू नका. भोक किंचित मोठं झालं तरी पुढचं सगळं ट्यूनिंग बिघडतं. पेट्रोलमध्ये भिजवा, फुंका, उजेडाकडे धरून बघा. भोक गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. फ्लोटची सुई आणि पेट्रोल आत येतं तिथली जाळीही धुवा. परत बसवताना कार्बोरेटरचे दोन नट आवळायची घाई करू नका. जास्त आवळले की त्याची बॉडी वाकते आणि आतली स्लाइड अडकते. रेस सोडली तरी इंजिन ओरडतच राहतं, आणि ते कशाने होतंय हे कळायला लोकांना महिने लागतात.

स्कूटर एका बाजूला वाकवून मग किक मारायची सवय आपल्या सगळ्यांच्या घरात होती. टाकीत पेट्रोल तळाला गेलं की वाकवल्याने ते कॉकपर्यंत पोचतं. टाकी अर्धी भरलेली असतानाही वाकवावं लागत असेल तर कॉक, जाळी किंवा फ्लोटची सुई तुंबली आहे. धडधाकट चेतक थंडीतल्या सकाळी चोक ओढून दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते, सरळ उभी असताना.

हवा, म्हणजे ऑइल सील

इंजिन सुरू झालं, पण रेस सोडल्यावर लगेच खाली येत नाही, आपोआप चढत राहतं. चोक थोडा ओढला की शांत होतं. हे कुठून तरी जादा हवा शिरत असल्याचं लक्षण. आधी कार्बोरेटरखालची गॅस्केट बघा. ती ठीक असेल तर मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील (इंजिनच्या दांड्याभोवतीची रबरी कडी). दुसऱ्या बाजूचं, क्लचकडचं सील गेलं तर गिअरचं तेल आत ओढलं जातं आणि मागे पांढऱ्या धुराची शेपटी लागते, गिअरचं तेलही कमी होत राहतं. सिलिंडर-पिस्टन बदला म्हणून कुणी सांगितलं तर आधी ही दोन सील तपासली का ते विचारा.

खरंच बोअर करायची (सिलिंडर आतून किंचित मोठा कोरायची) वेळ आली तर आपण नशीबवान. उद्यमबागमध्ये लेथ आणि बोअरिंगचं चांगलं काम करणारे हात आहेत. फक्त क्रम सांभाळा. आधी ओव्हरसाइझ पिस्टन विकत घ्या, तो कारागिराच्या हातात द्या आणि त्याच पिस्टनला मापून बोअर करून घ्या.

वायरी आणि गिअर

माझ्या मते चेतकची खरी मजा आणि खरा त्रास इथे आहे. गिअर पडत नाही, न्यूट्रल सापडत नाही, तिसऱ्यातून सटकते, या तक्रारींपैकी बहुतेकांचं मूळ गिअरबॉक्समध्ये नसतं, डाव्या मुठीतून इंजिनपर्यंत जाणाऱ्या दोन वायरींत असतं. मूठ वर फिरवली की एक वायर ओढली जाते, खाली फिरवली की दुसरी. दोन्हींत ताण सारखा हवा.

गाडी स्टँडवर घ्या, इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली. क्लच दाबून मूठ न्यूट्रलच्या खुणेवर आणा. गाडीखाली, वायरी इंजिनला भिडतात तिथे गिअरची डबी आहे, तिच्याजवळ दोन अॅडजस्टर आहेत. मागचं चाक हाताने फिरवा; मोकळं फिरत असेल तर गिअरबॉक्सही न्यूट्रलमध्ये आहे. फिरत नसेल तर एक अॅडजस्टर सैल आणि दुसरा तेवढाच घट्ट, असं अर्ध्या अर्ध्या फेरीने करत चाक मोकळं होईपर्यंत जा. आता मूठ दोन्हीकडे हलवून बघा, ढिलाई एक-दोन मिलिमीटरच जाणवली पाहिजे. मग चाक फिरवत पहिला, न्यूट्रल, दुसरा, तिसरा, चौथा टाका. प्रत्येक वेळी मूठ आकड्यावर थांबली की आतून 'टक' असं हाताला कळलं पाहिजे. मी हे करताना डोळे मिटतो, म्हणजे तळव्याला नीट समजतं. चौथ्यात 'टक' लागण्याआधीच मूठ संपत असेल तर अजून पाव फेरी.

एवढं करूनही चढावर एकच ठरावीक गिअर सटकत असेल तर गिअर पकडणारा आतला क्रॉस झिजला आहे. तेव्हा मात्र इंजिन उतरवण्याला पर्याय नाही.

वायर बदलताना जुनी ओढून काढून टाकू नका. नव्या वायरीचं कव्हर जुन्याच्या टोकाला तारेने बांधा आणि जुनी दुसऱ्या बाजूने ओढा, नवी तिच्यामागोमाग बॉडीतून निघून येते. हे मला शहापूरच्या एका वयस्कर मिस्त्रींनी दाखवलं. त्याआधी मी एका क्लच वायरीत आख्खा रविवार घालवला होता. आत घालण्यापूर्वी प्रत्येक वायरीला ग्रीस लावा.

क्लचच्या लिव्हरला दोन मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. अजिबात नसेल तर प्लेटा जळतात आणि चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पुढे जात नाही. गिअरबॉक्समध्ये एसएई ३० तेल, गाडी सरळ उभी करून भोकातून ओघळेपर्यंत. मोटारींचं आधुनिक गुळगुळीत तेल घातलं तर क्लच घसरतो.

चाकं

इथे एक जिवावरची चूक होते. रिम दोन अर्ध्या तुकड्यांची असते. चाक ड्रमला धरणारे नट वेगळे आणि दोन अर्धे एकमेकांना धरणारे वेगळे. हवा भरलेली असताना ते दुसरे नट सोडले तर रिम उडून अंगावर येते. व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण सोडा, टायर हाताने दाबून बघा, मगच पाना लावा.

पुढे १८ पौंड, मागे एकटे असाल तर २५, दोघे असाल तर ३२ ते ३५. तिन्ही चाकं एकाच मापाची असल्यामुळे स्टेपनी आळीपाळीने वापरा.

ट्यूनिंग

थंड इंजिनवर ट्यूनिंग करू नका, चार-पाच किलोमीटर फिरवून आणा. कार्बोरेटरच्या मागचा मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरी बाहेर. वरच्या स्क्रूने आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) थोडं चढवून ठेवा. आता मिश्रणाचा स्क्रू पाव पाव फेरीने फिरवत इंजिन सगळ्यात जोरात आणि एकसारखं चालेल ती जागा शोधा, तिथून पाव फेरी बाहेर, आणि शेवटी आयडल खाली आणा.

हा स्क्रू फक्त आयडल आणि सुरुवातीच्या रेसचा आहे. पूर्ण रेसवर काय चाललंय ते प्लग सांगतो. चढावर एक-दोन किलोमीटर चांगली रेस ठेवून चालवा, मग क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग काढा. कॉफीसारखा तपकिरी रंग हवा. काळा ओला असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर कमी. पांढुरका दिसला की गाडी पुढे रेटू नका, एक आकडा मोठा मेन जेट घाला.

हे मी भोगून सांगतोय. गाडी सुरू झाल्यावर मी ती एका गॅरेजात दाखवली. तिथे "अॅव्हरेज वाढवून देतो" म्हणून जेट बारीक घातला आणि मी खुशीत गोव्याला गेलो. परतताना साखळी, केरी मागे टाकून चोर्ल्याचा चढ सुरू झाला आणि अर्ध्या घाटात इंजिनचा आवाज बारीक, कोरडा झाला. पुढच्या क्षणी मागचं चाक जाम. डाव्या हाताची बोटं क्लचवर होती म्हणून गाडी घसरली नाही. पिस्टन चिकटला होता. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. खाली गोव्यात हवा दाट, त्यामुळे इथे जेमतेम जमलेलं मिश्रण तिथे आणखी पातळ होतं, वर इथेनॉलचं पेट्रोल आणि लांब चढ. म्हणून बेळगावात ट्यून केलेली गाडी खाली नेणार असाल तर इथे प्लग थोडा गडद तपकिरीच असू द्या. लिटरमागे दोन-तीन किलोमीटर कमी मिळतील, पिस्टन वाचेल.

रस्त्यावर

क्लच पूर्ण दाबून मूठ वर म्हणजे पहिला, खाली येताना न्यूट्रल, मग दुसरा, तिसरा, चौथा. १५ ला दुसरा, ३० ला तिसरा, ४० च्या पुढे चौथा. चढावर इंजिन घुसमटायच्या आत गिअर खाली आणा. इंजिनचं वजन उजवीकडे आहे आणि चाकं छोटी, त्यामुळे खड्डा चुकवताना झटका देऊ नका. दोन्ही ब्रेक एकदम वापरा, एकट्या पुढच्या ड्रमवर भरवसा नको.

बाची, शिनोळीवरून आंबोलीकडे जाणारा रस्ता या गाड्यांना मानवतो: चढ सौम्य आणि थांबायला जागा. महामार्गावर वंटमुरी आणि निपाणीजवळचा तवंदी घाट मात्र मी टाळतो. मागून येणाऱ्या ट्रकना ४५ च्या वेगाची स्कूटर दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

घाट उतरताना एक गोष्ट विसरू नका. या इंजिनला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं. गिअरमध्ये रेस पूर्ण बंद ठेवून लांब उतार उतरलात तर इंजिन वेगात फिरतं, पण तेल पोचत नाही. दर थोड्या वेळाने क्लच दाबून हलकी रेस द्या. आंबोलीत मी प्रत्येक वळणाआधी ते करतो. इंजिन बंद करून उतरू नका, ब्रेक तापून हात रिकामे पडतात.

पावसाळ्यात कणकुंबीकडे, जिथे मलप्रभा उगम पावते, त्या भागात जाण्याआधी प्लगच्या टोपीत पेट्रोलियम जेली लावा. पाण्यातून गेल्यावर काही अंतर ब्रेक हलका दाबून चालवा, लायनर सुकतात. पावसाळा संपला की पंख्याचं आणि सिलिंडरचं झाकण काढून सिलिंडरवरच्या पंखांत (थंड करणाऱ्या पात्यांत) अडकलेली लाल माती खरवडून काढा, नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये इंजिन तापतं. आणि घरी आल्यावर, इंजिन गरम असतानाच, गिअरचं तेल पांढऱ्या बशीत थोडं काढून बघा. दुधासारखं गढूळ दिसलं तर आत पाणी गेलंय. सगळं काढा, थोड्या नव्या तेलाने एकदा धुऊन काढा आणि मग पूर्ण भरा.